इंदूबाई आल्या की नेट पळतं

१

मंगळवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी संध्या मॅडमचं तोंड उघडं राहिलं, ते राहिलंच.

संध्या मॅडम नागपूरच्या. दीपमाला तायडेच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. शनिवारी सकाळी अकराला दीपमालाचा व्हायवा होता, तोही ऑनलाइन आणि खुला, म्हणजे ज्याला यायचं त्याने येऊन ऐकावं असा. त्याचीच ही रंगीत तालीम चालली होती. "तिसऱ्या प्रकरणातला तुमचा निष्कर्ष मला जरा..." एवढं बोलून मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर थिजल्या. जरा काय? आवडला की खटकला? दीपमाला श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली. पाच मिनिटांनी मॅडमचा मोबाईलवर फोन आला, "अहो, तुम्ही हातात चष्मा धरून पुतळ्यासारख्या काय बसलात?"

दीपमाला त्रेपन्न वर्षांची, अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. सहा वर्षं सगळे रविवार मोडून तिने वऱ्हाड पालथं घातलं होतं. दुकानांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, आणि फ्लेक्सच्या जमान्यात घरी बसलेले पेंटर, हा तिचा विषय. चारशे बारा पाट्यांचे फोटो तिने जमवले होते. त्यातल्या अर्ध्या पाट्या आता भिंतीवर उरलेल्याही नव्हत्या. व्हायवाला हे फोटो मोठे करून दाखवायचे, तर चांगलं नेट हवं. आणि नेटचा वेग मोजला तर काटा दीडवर येऊन धापा टाकत होता. परवापर्यंत हाच काटा साठच्या पुढे असायचा.

परवा म्हणजे रविवारी झालं होतं एकच. बंगळुरूच्या अनुपने, म्हणजे तिच्या मुलाने, फोनवरून एकेक बटण सांगत लॅपटॉपचं सिस्टिम अपडेट करून घेतलं होतं. नवरा सध्या त्याच्याकडेच होता. अभ्यासाला घर शांत हवं म्हणून तिनेच त्याला तिकडे धाडला होता.

तिने अनुपला फोन लावला.

"आई, अपडेटनंच केलं असन," अनुप म्हणाला. "थांब, मी इथून तुया लॅपटॉपमधी शिरतो आन काढून टाकतो."

"शीर ना मग."

अनुप वीस मिनिटं शिरत होता. मग म्हणाला, "आई, शिरायलेही नेट लागते ना वो."

तिने मोबाईलचं हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याच्यावर लावला. तेही रांगलं. मोबाईलवर मात्र व्हिडिओ धडधडीत चालत होता. तिने चिडून लॅपटॉप मिटला आणि इंटरनेटवाल्याकडे तक्रार नोंदवली.

२

बुधवारी सकाळी साडेदहाला इंटरनेटवाला संघपाल आला. घरात कामवाल्या इंदूबाईंचं पुसणं चाललं होतं. संघपाल ओल्या फरशीवरून टाचा उचलत राऊटरपाशी गेला, मोबाईलवर वेग मोजला. बासष्ट.

"लाइन ओके हाय मॅडम. लॅपटॉप दाखवा."

दीपमालाने लॅपटॉप उघडला. संघपालने वेग मोजला. काटा भरकन वर गेला आणि अठ्ठेचाळीसवर थांबला.

"स्लो कुठं हाय?"

"अवो, काल दीड होता!"

"काल असन," संघपाल समजूतदारपणे म्हणाला. डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तशातलं काहीतरी त्याने रोज पाहिलेलं असावं. त्याने मोबाईलवर तिची सही घेतली आणि तो गेला. इंदूबाईही बादली पालथी घालून गेल्या. दीपमाला खुशीत येऊन टेबलाशी बसली, पाट्यांची फाइल उघडली, संध्या मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

मॅडम पुन्हा थिजल्या. या वेळी डोळे मिटलेले.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. तिने लॅपटॉप आणि चार्जर उचलला आणि शेजारच्या जेबाचं दार वाजवलं. अठरा वर्षांचा शेजार. जेबाच्या घरचं नेट वेगळ्या कंपनीचं. जेबाने पासवर्ड सांगितला आणि लॅपटॉप असा पळाला की मॅडमच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचता आलं.

"पाहा, आमच्याकडं मस्त चालते," जेबा कौतुकाने म्हणाली.

दीपमाला हसली खरी, पण घरी परतताना तिच्या मनात किडा वळवळला. जेबाच्या नवऱ्याची, साजिदची, फ्लेक्स छपाई होती. मोठमोठ्या फाइली दिवसभर इकडून तिकडे. आणि लॉकडाऊनमध्ये तिनेच तर यांना आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता.

३

संध्याकाळी जेबा गिलावड्याची, म्हणजे दहीवड्याची, वाटी घेऊन आली. दीपमालाने वाटी घेतली आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "जेबा, तो मायावाला जुना पासवर्ड अजून हाय काय तुमच्या मोबाईलमधी?"

जेबाचं हसू तिथंच थांबलं. "आमचं नेट आलं त्याच दिवशी मिटवला, ताई. काहून?"

"नाई, माया नेटचा वेग कुठी तरी जाऊन राहिला, म्हणून..."

"म्हणून आमी खाऊन राहिलो?"

"मी तसं नाई म्हटलं."

"म्हटलं नाई, विचारलं," जेबा म्हणाली आणि गेली.

दहा मिनिटांनी साजिद स्वतः आला. घरातले तिन्ही मोबाईल आणि दुकानचा लॅपटॉप त्याने तिच्या टेबलावर मांडले. "ताई, चेक करून घ्या."

"साजिदभाऊ, असं काय करता..."

"नाई, घ्या करून. दिल साफ होऊन जाते."

त्या चारशे बारा पाट्यांतल्या ऐंशीवर सही होती 'ताहेर पेंटर'. ताहेर म्हणजे साजिदचे अब्बा. ते गेल्यावर त्यांचे ब्रश, रंगांच्या नोंदी, जुने फोटो साजिदनेच एका पेटीतून तिच्या हवाली केले होते. हे सगळं आठवून दीपमालाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने काही तपासलं नाही. साजिदने मुकाट्याने सामान उचललं आणि तो गेला.

तो गेल्यावर तिने वायफायचा पासवर्ड बदलला. आता या नेटवर तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. तिने वेग मोजला.

एक पॉइंट चार.

गिलावड्याची वाटी तिने न खाताच झाकून ठेवली.

४

गुरुवारी दुपारी ती अकोल्यात होती. टॉवर चौकाजवळच्या गल्लीत अफिफाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. तिथं तिला शालूताईने बोलावलं होतं. शालूताई तिची मावसबहीण, सहासष्ट वर्षांची. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसलेली. कंप्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण बिघाड म्हटला की तिचे डोळे अजून लकाकायचे.

अफिफाने लॅपटॉप अर्धा तास तपासला. व्हायरस नाही, जागा भरपूर, काही गरम होत नाही. वेग मोजला तर एकेचाळीस.

"ताई, हा तर धडधाकट हाय," अफिफा म्हणाली. "आन माया राऊटर तर जुना. एकाच पट्टीवर चालते. तुमच्या घरचा नवा असन तर दोन पट्ट्या असतीन."

"पट्ट्या म्हंजे?" शालूताईने विचारलं.

"वायफायच्या लहरींच्या दोन वाटा समजा, मावशी. एक जुनी. दूरवर पोचते, पण तिच्यावर सगळ्यांची गर्दी. दुसरी नवी, जवळच्या जवळ चालते, पण मोकळी."

"बरं." शालूताईने हे डोक्यात कुठेतरी नीट ठेवून दिल्यासारखी मान हलवली. "दीपे, तुया त्या पाट्यांचे फोटो तरी दाखव. ही अफिफा पोट्टीही पाहीन."

"ते इथं कुठं, ताई? ते घरी, डिस्कमधी. ती डिस्क मी घराबाहेर काढतच नाई. हरवली तर सहा वर्षं गेली मायी."

अफिफाने शनिवारी दुकानातच बसून व्हायवा द्या म्हणून सुचवलं. तेवढ्यात समोरच्या झेरॉक्सवाल्याचं जनरेटर सुरू झालं आणि तिघींनी कानांवर हात ठेवले. कॉलेजातल्या सगळ्या खोल्या परीक्षांनी अडवलेल्या होत्या. जेबाच्या घरून झालं असतं, पण तिथं आता कोणत्या तोंडाने जायचं?

बाहेर उसाचा रस घेताना दीपमालाने सगळं सांगितलं. साजिदने मोबाईल मांडले तेही सांगितलं.

शालूताईने ग्लास रिकामा केला. "तू हॉटस्पॉट लावला होता म्हणली ना मंगळवारी?"

"हो. तेही रांगलं."

"मोबाईलवर?"

"मोबाईलवर मस्त."

"मग साजिद चोर कसा, वो? हॉटस्पॉटचं नेट तुया मोबाईलमधलं. ते कंपनीच्या टॉवरवरून येते. तुया राऊटरशी त्याचा संबंधच नाई. तरी ते रांगलं. त्यानं तुयं वायफाय रोज पोतं भरून नेलं असतं, तरी हॉटस्पॉट पळालं पायजे होतं."

दीपमालाने रसाचा ग्लास खाली ठेवला. मंगळवारीच हे तिच्या हातात होतं. आणि बुधवारी तिने जेबाला विचारलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी येतो तुयासंगं," शालूताई म्हणाली. "लॅपटॉप चांगला, लाइन चांगली, शेजारीही चांगला. तरी बिघाड होते. म्हंजे बिघाड तुया घरात हाय, आन तो तुया डोळ्यासमोर बसून हाय."

५

शुक्रवारी बडनेरा स्टेशनवर उतरून दोघी रिक्षाने घरी आल्या तेव्हा सव्वानऊ वाजले होते. व्हायवाला सव्वीस तासही उरले नव्हते. शालूताईने चहासुद्धा घेतला नाही. वही काढली, चष्मा चढवला आणि तक्रारींच्या खिडकीवर बसल्यासारखी बसली.

पहिली साक्ष अनुपची, फोनवर.

"मावशी, मी फक्त अपडेट केलं. आईच्या कोणत्याच फाइलीले हात नाई लावला."

"अपडेटमधी काय काय बदलते?"

"लय काही बदलते. आतल्या एकेका पार्टाले चालवणारे छोटे प्रोग्राम असतात ना, ड्रायव्हर, थेही बदलते."

"वायफायचाही?"

"बदलला असन. पाहावं लागन."

शालूताईने लिहून घेतलं.

दुसरी साक्ष घ्यायला ती एकटीच जेबाकडे गेली. दीपमाला दाराआड उभी राहिली.

"बुधवारी दीपा तुमच्याकडं आली तेव्हा तिच्या हातात काय काय होतं?"

"लॅपटॉप आन चार्जर," जेबाचा आवाज अजून ताठ होता. "दुसरं काही नाई. चोरीचं काही सापडलं काय, मावशी?"

"चोरी झालीच नाई, माय. थ्ये मी कालच सांगतलं तिले. ती तोंड लपवून बसली."

जेबाने दार लावून घेतलं, पण आपटलं नाही.

दहाला इंदूबाई आल्या. शालूताईने त्यांना बादली भरू न देता समोर बसवलं. इंदूबाई घाबरल्या.

"म्या काई नाई केलं, बाई. मी तर त्या मशिनीले हातही लावत नाई. मॅडम लावूच देत नाई."

"बुधवारी तो इंटरनेटवाला आला तेव्हा तुमी काय करून राहिल्या होत्या?"

"पुसून राहिली होती. रोजच्यासारखं. टेबल पुसला, मंग फरशी."

"आन काल? आन बुधवारच्या आधी?"

"काल मॅडम गावाले गेल्या. पण मंगळवारी..." इंदूबाई थोड्या थांबल्या आणि त्यांना हसू फुटलं. "मंगळवारी मी टेबल पुसून फरशी पुसत होती तेव्हा मॅडम अनुपदादासंगं व्हिडिओवर बोलून राहिल्या होत्या. दादा एकदम साफ दिसत होता. मले म्हणे, इंदूमावशी, तुमी बारीक झाल्या. मंग मी गेली आन दुपारी मॅडमचं नेट बंद पडलं म्हणते. मीच बाई लक्ष्मी असीन!"

दीपमालाने कपाळावर हात मारला. खरंच की. मंगळवारी सकाळी नेट पळालं, तेव्हा इंदूबाई घरात. बुधवारी पळालं, तेव्हाही इंदूबाई घरात.

"शालूताई," ती म्हणाली, "इंदूबाई आल्या की नेट पळते!"

शालूताईने वही मिटली. "इंदूबाई, उठा. रोज करता तसंच करा. एक काम जास्त नाई, एक कमी नाई. दीपे, तूही."

६

दीपमाला टेबलाशी बसली. लॅपटॉप उघडला. रोजच्या वायरी जोडल्या. शालूताई दारात खुर्ची टाकून बसली. वेग मोजला, दीड.

इंदूबाईंनी बादली आणली, फडकं पिळलं. "मॅडम, टेबल पुसू?"

"थांबा हं." दीपमाला उठली, वह्या बाजूला केल्या, डिस्कची वायर लॅपटॉपमधून काढली, डिस्क उचलून कपाटावर ठेवली. पाणी उडायला नको म्हणून ती रोजच असं करायची. "हं, पुसा आता."

इंदूबाईंनी टेबल पुसला.

"वेग पाय," दारातून आवाज आला.

काटा चाळीसच्या वर गेला.

"इंदूबाई, तुमी आता अंगणात जाऊन उभ्या राहा," शालूताई म्हणाली. इंदूबाई गेल्या. वेग पुन्हा मोजला. त्रेचाळीस.

"म्हंजे लक्ष्मी इंदूबाई नव्हे. आता ती डिस्क खाली घे आन लाव."

दीपमालाने डिस्क घेतली. काळी, तळहाताएवढी, तिनेच विणलेल्या निळ्या झोळीतली. सहा वर्षांचा जीव त्यात होता. तिने ती लॅपटॉपच्या कडेला ठेवली आणि वायर खोचली. काटा घसरत घसरत दीडवर येऊन बसला. काढली, बेचाळीस. लावली, एक पॉइंट सहा.

"ही?" दीपमाला म्हणाली. "ही कशी असन, ताई? ही जानेवारीपासून इथंच लावलेली हाय! दोन महिने हिच्यासंगंच नेट पळत होतं."

शालूताई दारातून उठून टेबलाशी आली. "चौतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या म्या. नवीन काय झालं ते सगळे सांगतात. जुनं कोणी सांगत नाई. तू मले अपडेट सांगतलं, हॉटस्पॉट सांगतलं, संघपालच्या सहीचंही सांगतलं. डिस्क लावली होती हे एकदाही नाई सांगतलं. जेबाकडं लॅपटॉप नेला, डिस्क घरी. अकोल्याले नेला, डिस्क घरी. इंदूबाई टेबल पुसते, डिस्क कपाटावर. जिथं जिथं नेट पळालं तिथं डिस्क नव्हती."

"पण मग रविवारपर्यंत..."

"तेच तर," शालूताईने मोबाईल उचलला. "एकटी डिस्क गुन्हेगार नाई. तिले कोणी तरी साथ देल्ली. अफिफाले फोन लाव."

७

अफिफाने सगळं ऐकून घेतलं आणि पलीकडून टाळीच वाजवली.

"मावशी, तुमी माया दुकानात या कामाले! हे मी ऐकलं होतं, पण पाहिलं नव्हतं. या वेगवान डिस्क चालू असल्या का त्यांच्या वायरीतून बारीक गोंगाट निघते. तो वायफायच्या जुन्या पट्टीवरच पडते. रेडिओजवळ मिक्सर लावला का कशी खरखर येते, तसं समजा. लॅपटॉपच्या बाजूलेच डिस्क असली म्हंजे त्याले राऊटरचं ऐकूच येत नाई."

"मोबाईलले काहून येते?"

"तो दूर असते ना. आन तो नव्या पट्टीवरही असन. ताई, आता एक करा. वायफायच्या नावावर जाऊन पाहा, लॅपटॉप कोणत्या पट्टीवर हाय ते लिहून असते."

दीपमालाने पाहिलं. दोन पॉइंट चार.

"जुनी," अफिफा म्हणाली. "आता समजलं. रविवारच्या आधी तुमचा लॅपटॉप नव्या पट्टीवर चालत होता. तिथं डिस्कचा गोंगाट पोचत नाई, म्हणून दोन महिने काहीच झालं नाई. अपडेटनं वायफायचा ड्रायव्हर बदलला. नव्या ड्रायव्हरले तुमच्या लॅपटॉपची ती दुसरी पट्टी धरता येत नसन. म्हणून तो जुन्या पट्टीवर आला, आन तिथं डिस्क बसूनच होती."

"हॉटस्पॉटही त्याच पट्टीवर धरला," शालूताई म्हणाली. "म्हणून तेही रांगलं."

"बरोबर, मावशी."

मग अफिफाने फोनवरून एकेक पायरी सांगितली. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वायफायच्या नावावर जा, ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक' असेल ते दाबा. म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. शेवटचं बटण मात्र शालूताईने हट्टाने स्वतः दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला होता तिने. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पट्टी दिसली, पाच. नवी.

डिस्क लावलेलीच होती. वेग मोजला.

चौसष्ट.

अंगणातून इंदूबाई ओरडल्या, "बाई, मी येऊ काय आत?"

"या, या," दीपमाला हसत आणि डोळे पुसत म्हणाली. "आता तुमी नसल्या तरी चालन."

"मंग मी उद्या सुट्टी घेतो!"

शालूताईने चष्मा काढून पेटीत ठेवला. "नेटचं झालं. आता शेजारचं राहिलं. थ्ये मले जमत नाई, तुलेच करा लागन."

दीपमाला रिकाम्या हातांनीच गेली. काही घेऊन गेली असती तर ते लाच दिल्यासारखं वाटलं असतं. जेबाने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. साजिद मागे दुकानात न्यायची फ्लेक्सची गुंडाळी बांधत होता.

"बिघाड मायाच टेबलावर होता," दीपमाला म्हणाली. "आन मी तुमच्या घरात शोधला. अठरा वर्षांत तुमी माया घरातलं चमचाभरही इकडचं तिकडं केलं नाई, तरी माया मनात आलं. थ्ये यायले नको होतं. चुकलं मायं, जेबा. साजिदभाऊ, चुकलं."

जेबा पदराची कडा बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिने लगेच माफ केलं नाही. दीपमालाला अर्धं मिनिट तरी दारात तिष्ठत ठेवलं, आणि ते योग्यच होतं. मग म्हणाली, "मले लय लागलं, ताई."

"माहीत हाय."

"उद्या किती वाजता हाय तुमचं थ्ये?"

"अकराले. खुला हाय. कोणीही येऊन बसू शकते."

साजिदने गुंडाळी खाली ठेवली. "अब्बांच्या पाट्या दाखवणार?"

"ऐंशीच्या ऐंशी."

"मग दुकान बारानंतर उघडतो," साजिद म्हणाला.

८

शनिवारी अकराला दीपमालाच्या मागे खुर्च्यांवर शालूताई, जेबा आणि साजिद बसले होते. सुट्टी घेतलेल्या इंदूबाई नवी साडी नेसून जमिनीवर. पडद्यावर संध्या मॅडम, आणि बाहेरून नेमलेले एक वयस्कर परीक्षक, जाड भुवयांचे. ना कुणी थिजलं, ना कुणाचा आवाज तुटला. पाट्या एकापाठोपाठ एक उघडत गेल्या. रंगांचे पोपडेसुद्धा मोजता येत होते. पाऊण तासात दीपमालाने सगळे प्रश्न परतवले.

मग परीक्षक म्हणाले, "अचलपूरची ती सोडा फॅक्टरीची पाटी पुन्हा दाखवा. ताहेर पेंटरांची."

तिने दाखवली. मोठी सुरेख अक्षरं, आणि उजवीकडे एवढी मोठी रिकामी जागा.

"ही जागा त्यांनी मोकळी का सोडली? तुम्ही प्रबंधात लिहिलंय की रिकाम्या जागेचा वापर ही त्यांची शैली होती. पुरावा काय?"

दीपमालाने पाटीकडे नीट पाहिलं. पुरावा नव्हता. तिला तसं वाटलं होतं, म्हणून तिने तसं लिहिलं होतं. आपल्याला वाटलेल्या गोष्टींवर या आठवड्यात तिचा फारसा भरवसा उरला नव्हता. ती म्हणाली, "सर, पुरावा नाही. मी अंदाज केला. पण ताहेर पेंटरांचे चिरंजीव इथंच बसलेले आहेत. आपली हरकत नसेल तर त्यांना विचारू?"

भुवया वर गेल्या. "विचारा."

साजिद उठून लॅपटॉपसमोर आला. त्याने पाटीकडे पाहिलं आणि तो एकदम हसला.

"सर, ही शैली नाई. तिथं बाटलीचं चित्र येणार होतं. अब्बा अक्षरांचे उस्ताद, पण चित्र त्यांले काढता येत नसे. चित्र काढायले बार्शीटाकळीहून त्यांचा दोस्त येत जाय. त्या बारीले त्याच्या घरी सोयाबीनची कापणी होती, तो आला नाई. मालक म्हणे, उद्घाटन हाय, तशीच लटकवा."

"म्हणजे अक्षरं एकाची आणि चित्रं दुसऱ्याची?" परीक्षक पुढे झुकले. "आणि सही एकाचीच?"

"सही दुकानाच्या नावाची, सर. काम दोघांचं. ज्या ज्या पाटीवर चित्र हाय, थ्ये त्यांचंच."

दीपमालाने मनातल्या मनात हिशेब केला. ऐंशीपैकी पन्नासेक पाट्यांवर चित्रं होती. सायकली, चष्मे, शिलाई मशिनी, एक झकास बैल. सगळ्या तिने ताहेरांच्या नावावर लिहिल्या होत्या. म्हणजे तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचं होतं.

"तायडे मॅडम," परीक्षक म्हणाले, "एवढी दुरुस्ती करा आणि महिन्याभरात पाठवा. मी पदवीची शिफारस करतो आहे. अभिनंदन."

संध्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. जेबाने दीपमालाला मागून मिठी मारली, इंदूबाईंनी उठून कडाकडा बोटं मोडली. शालूताई डोळ्यांना रुमाल लावून, धूळ गेली म्हणत होती. पण दीपमालाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती टेबलावर पेन शोधत होती.

"साजिदभाऊ, त्या दोस्ताचं नाव काय?"

"पुंजाजी. पुंजाजी इंगळे."

तिने लिहून घेतलं आणि खालमानेनेच विचारलं, "केव्हा गेले?"

"गेले कुठं, ताई?" साजिद म्हणाला. "मागच्या ईदले शिरखुर्मा खाऊन गेले आमच्या घरून. कान काम करत नाई आता. पण बैल अजूनही काढून देतात."

दीपमालाने मान वर केली. खुर्चीच्या पाठीवरची पर्स तिच्या हातात केव्हा आली ते तिलाही कळलं नाही. "बार्शीटाकळीले आता गाडी कितीची हाय?" तिने विचारलं.